घरामागचा उतार : कोकणी परसाचा अलिखित इतिहास

कोकणातल्या घराबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ओटी, पडवी, माजघर, झोपाळा, अंगणातले तुळशीवृंदावन ही सगळी ललित लेखांतून आणि कादंबऱ्यांतून आपल्या ओळखीची झालेली आहेत. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर जी जागा लागते तिच्या वाट्याला मात्र फार थोडी पाने आली. परस, परसू, परसदार, अशी तिची नावे. तिथे विहीर असते, न्हाणी असते, गोठा आणि उकिरडा असतो, केळीचे बेट आणि अळू असते. पाहुण्याला मुद्दाम नेऊन दाखवावी अशी ती जागा नव्हे. आणि कोकणात बहुतेक ठिकाणी ती सपाटही नसते.

गेली काही वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले, तसेच गोव्याच्या फोंडा तालुक्यातले असे उतरते परस पाहत हिंडतो आहे. हातात फीत, वही आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारायचे चार प्रश्न, एवढीच माझी सामग्री. सरकारी दफ्तरात जमिनीची नोंद मिळते, घराची मिळते, पिकाची आणि कधी झाडांचीही मिळते. उतारावर घातलेल्या दगडी बांधाची नोंद माझ्या पाहण्यात क्वचितच आली. वस्तुतः त्या जागेवर माणसाने केलेले सर्वांत मोठे काम तेच असते. म्हणून परसाचा इतिहास कागदावर शोधण्याआधी तो दगडांत वाचावा लागतो. हा उतार कसा घडवला गेला, कोणी घडवला आणि घडवल्यावर तो कोणाचा राहिला, या तीन प्रश्नांचा मागोवा मी येथे घेतो आहे.

घर उतारावर का गेले

कोकणातल्या पुष्कळ गावांची ठेवण वरून खाली सारखीच दिसते. माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्याखाली झाडीने भरलेली उतरण. उतरणीच्या खालच्या अंगाला घरांची ओळ, आणि तळाशी पऱ्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे. सपाट आणि पाणी धरणारी जमीन या भूभागात मुळातच थोडी. ती भातासाठी राखायची आणि माणसाने स्वतः उतारावर राहायचे, असा तो हिशेब होता. बागेसाठी उतार निवडला असे कोणी समजू नये. भाताने सपाटी घेतल्यावर जे उरले ते घराच्या आणि परसाच्या वाट्याला आले.

उतारावर राहण्यात एक लाभ मात्र होता, तो पाण्याचा. जांभा सच्छिद्र असतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारच्या प्रवासात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. जमिनीत असताना हत्याराने कापता येतो आणि उघड्या हवेवर टणक होतो, हा त्याचा गुण मलबारच्या लोकांप्रमाणे आपल्या चिरेखाणवाल्यांनाही ठाऊक होताच. सड्यावर पडलेले पाणी या जांभ्यातून मुरत खाली जाते. खाली चिकण, पांढुरकी-पिवळी शेडी माती लागली की ते अडते, आडवे सरकते आणि उताराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. जुनी घरे आणि विहिरी पुष्कळदा याच पट्ट्यात सापडतात, ती यामुळे.

जी शेडी झरा देते तीच धोकाही देते. ओली झाली की ती निसरडी होते, आणि तिच्यावरचा थर पाण्याने जड झाला की घसरू पाहतो. पावसाचे मानही लहान नाही. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. याचा अर्थ परसाच्या प्रत्येक चौरस मीटरवर वर्षाकाठी तीन हजार लिटर पाणी येते. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपराची वळचण एका पावसाळ्यात तीन लाख लिटरांच्या आसपास पाणी खाली सोडते. उतारावरचा परस घडवणे म्हणजे आधी या पाण्याची सोय लावणे. झाडांचा विचार त्यानंतरचा.

चढता परस, उतरता परस

उताराच्या परसाचे दोन प्रकार करावे लागतात. डोंगर घराच्या पाठीशी असेल तर परस मागच्या दारापासून वर चढत जातो. रस्ता वरच्या अंगाला असून घर त्याच्याकडे तोंड करून बसले असेल तर परस मागे खाली उतरत जातो. दिसायला दोन्हींत पायऱ्याच असतात, पण दोघांची दुखणी निराळी.

चढत्या परसात सगळे पाणी घराकडे धावते. म्हणून मागची भिंत आणि पहिला बांध यांच्यामध्ये जागा सोडलेली असते आणि तिथून एक चर घराच्या दोन्ही अंगांना वळवून पुढे काढलेला असतो. या चरात पातेरा साठू न देणे हे पावसाळ्यातले रोजचे काम. जुन्या घरांत हा चर अनेकदा प्रशस्त आढळतो. अलीकडे मागे एखादी खोली वाढवताना पहिला बळी त्याचाच जातो, आणि मग माजघराच्या भिंतीला ओल का येते याचा शोध सुरू होतो.

उतरत्या परसात घर कोरडे राहते, पण त्याचे जोतेच पहिल्या बांधावर भार टाकून उभे असते. इथे वळचणीचे पाणी बांधाच्या माथ्यावर पडू न देणे महत्त्वाचे. ते एका कडेला नेऊन दगडी पायऱ्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली उतरवतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन, जुन्या हिशेबाने, चौसष्ट पट होते. वेग मोडणे एवढ्यासाठीच. हे गणित परस घडवणाऱ्यांनी मांडले नव्हते, परंतु प्रत्येक टप्प्यावर पाणी पडते तिथे त्यांनी एक मोठा सपाट दगड ठेवलेला दिसतो.

बांध आधी, माती मागाहून

गडगा आणि बांध यांत फरक करायला हवा. गडगा हा मोकळा उभा असतो, दोन वाड्यांची किंवा पाणंदीची हद्द दाखवतो. उतारावरचा बांध मात्र पाठीवर माती घेऊन उभा असतो. दोन्ही घडीव चिऱ्यांचे नसून बहुधा ओबडधोबड जांभ्याचे असतात, आणि दोन्हींत चुना किंवा सिमेंट नसते.

बांध घालण्याची रीत मी वेगवेगळ्या गावांत विचारली, आणि तपशील सोडले तर उत्तरे एकमेकांशी जुळली. सर्वांत थोरले दगड पायात, तेही कठीण जमीन लागेपर्यंत खणून. वर जाताना भिंत थोडी आत, म्हणजे डोंगराकडे, कलती ठेवायची. मधून मधून लांब दगड आडवे, आत मातीपर्यंत जातील असे बसवायचे. दर्शनी दगडांच्या मागे लहान दगडांची भर घालायची, आणि तिच्यामागे माती. दगड हलत असेल तर चीप ठोकायची. माती लिंपून फट बुजवायची नाही. मातीचा भराव एका दमात करायचा नाही, हेही सगळे सांगतात. बांध थोडा उचलायचा, मागे पाण्याबरोबर आलेली आणि वरून ओढलेली माती भरायची, एक पावसाळा तिला बसू द्यायचे, मग पुढचा थर. एक टप्पा पुरा व्हायला काही वर्षे जात. उतारावर सपाटी मिळते ती अशी सावकाश.

फट न बुजवण्यामागे मोठे शहाणपण आहे आणि ते आकड्यांत मांडता येते. विद्युतभाराच्या एककामुळे ज्याचे नाव आपल्याला शाळेत भेटते तो कूलॉम हा मुळात फ्रेंच लष्करी अभियंता. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या कामावर त्याने काही वर्षे घालवली आणि माती भिंतीला किती रेटा देते याचा सिद्धांत १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्या मार्गाने हिशेब केला तर दोन मीटर उंचीच्या बांधावर कोरड्या मातीचा रेटा लांबीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण सव्वा टन येतो. मागे पाणी माथ्यापर्यंत साचले तर एकट्या पाण्याचा रेटा दोन टन होतो, आणि भिजलेल्या मातीचा धरून तो अडीच टनांच्या वर जातो. म्हणजे तीच भिंत, तीच माती, पण ओझे दुपटीहून अधिक. फटींचा बांध पाणी साचूच देत नाही. भर पावसात जुन्या बांधाच्या तोंडातून ठिकठिकाणी पाणी पाझरताना दिसते तेव्हा तो कच्चा झाला असे नव्याने आलेल्या माणसाला वाटते. वास्तविक तो त्या वेळी आपले काम नीट करत असतो.

पाण्याच्या वाटेने झाडे

टप्प्यांवरची लागवड पाण्याच्या मागोमाग जाते. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी पहिल्यांदा अळूला आणि केळीला. त्याच्या पुढे माड आणि पोफळी. विहिरीजवळच्या, सावलीच्या टप्प्यावर पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल, एखादे जायफळ. पाणी पोहोचत नाही अशा वरच्या, कोरड्या टप्प्यांवर फणस, आंबा, रातांबा आणि अगदी टोकाला काजू. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. आज तो नसलेला उतार कोकणात शोधावा लागतो, पण परसाच्या इतिहासात तो तसा अलीकडचा पाहुणा. प्रत्येक झाडाच्या आळ्यात पातेरा दाबलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ओल टिकते आणि पावसाच्या थेंबांचा मार मातीवर थेट बसत नाही.

या मांडणीचे सर्वांत पूर्ण रूप गोव्याच्या कुळागरात पाहायला मिळते. फोंडा तालुक्यातल्या सावई-वेरे, केरी या भागांत डोंगराच्या कुशीतल्या अरुंद घळीत घर आणि त्याला लागून कुळागर असते. वर झऱ्याचे पाणी तळीत साठवायचे, तिथून पाटाने एकेका टप्प्याला द्यायचे, आणि वरच्या टप्प्याने सोडलेले पाणी खालच्याने घ्यायचे. मुख्य पीक सुपारी. तिच्या आधाराने माड, केळी, मिरी, अननस. एकाच तुकड्यात उंच, मध्यम आणि बुटकी अशी तीन मजल्यांची झाडे असल्यामुळे जमीन कधी उघडी पडत नाही. रत्नागिरीकडचा परस आणि कुळागर यांत आकाराचा आणि उत्पन्नाचा फरक मोठा आहे, पण पाणी थांबवत थांबवत खाली न्यायचे हे सूत्र दोन्हीकडे एकच.

बांध घालणारा आणि जमिनीचा मालक

इथवर परस म्हणजे केवळ कसबाची गोष्ट वाटेल. पण हे दगड कोणी उचलले, असे विचारले की गोष्ट बदलते.

खोत म्हटले की मराठी वाचकाला श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ आठवते. रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ गावे खोतीची होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून वसूल करी. भाताच्या पिकाचा निम्मा हिस्सा द्यायचा तो अर्धेल, आणि उतारावरच्या वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा द्यायचा तो तिरधेल. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांना कब्जाचे हक्क दिले, तरी फार मोठा वर्ग खोताच्या मर्जीवर राहिला. अशा कुळाच्या नजरेने उताराकडे पाहिले पाहिजे. वरकस उतारावर वर्षानुवर्षे बांध घालून त्याने सपाटी केली आणि तिथे भात घेतले, तर वाढलेल्या पिकात खोताचा वाटाही वाढणार. आणि उद्या खोताने जमीन काढून घेतली तर बांध काही उचलून नेता येत नाही. झाड तोडून नेता येते, घराचे वासे उतरवता येतात. जमिनीत घातलेले श्रम तिथेच राहतात.

मला वाटते, परसांच्या बांधणीतला एक फरक यातून उलगडतो. खोतांच्या आणि धारेकऱ्यांच्या घरांमागे उंच, जाड, पिढ्यान्‌पिढ्या टिकतील असे बांध आढळतात. कुळांच्या जुन्या वस्त्यांमागे बांध ठेंगणे असतात, टप्पे अरुंद असतात, आणि दगडांऐवजी कित्येकदा मातीची मेर आणि तिच्यावर निवडुंग किंवा निरगुडी असते. कसब दोन्हीकडच्या हातांत सारखेच होते. उंच बांधही पुष्कळदा त्याच हातांनी घातलेले. उद्या ही जागा आपली असेल या खात्रीचा फरक होता. हे माझे अनुमान आहे, ते पुरावा म्हणून मी मांडत नाही. परंतु एकाच गावात दोन प्रकारचे परस शेजारी शेजारी पाहिले की ते सहज सुचते.

ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत त्या मागणीसाठी निघाला. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ चा. कुळकायदा १९४८ चा, आणि कसणाऱ्याला मालक ठरवणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७. म्हणजे कोकणातल्या असंख्य परसांत बांध घालणारा आणि मालक हे एक झाले त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. त्याने घर आणि घराभोवतीची मर्यादित जागा सुरक्षित केली. पण परस ही काही मोजून मर्यादेत बसणारी गोष्ट नव्हे. पाणी वरच्या टप्प्यावरून येते, आणि तो टप्पा रेषेच्या पलीकडे राहिला तर खालच्या टप्प्याचा हक्क पावसाळ्यापुरताच उरतो.

यात आणखी एक बाजू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणातला पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागला. बांध आजोबांनी घातला, असे प्रत्येक घरात सांगतात. तो दरवर्षी पावसाआधी कोणी तपासला, निखळलेले दगड कोणी परत बसवले, चर कोणी उपसला, याचे उत्तर बहुधा आजी असे येते. मनीऑर्डरीवर घर चालले हे खरे, पण परस चालला तो मागे राहिलेल्या बायकांच्या श्रमांवर. त्यांची नावे ना सातबारावर असत, ना बांधाच्या कथेत.

आजचा उतार

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे सगळे झपाट्याने बदलले. कोकण रेल्वे आली, रस्ते रुंदावले, उतारांचे भूखंड पडले. जी सपाटी व्हायला पूर्वी काही वर्षे लागत ती जेसीबी दोन दिवसांत करून देतो. डोंगराचा पाय कापायचा, निघालेली माती खालच्या अंगाला लोटायची आणि तिच्यापुढे काँक्रीटची भिंत उभी करायची. कापलेला भाग आधार गमावतो, लोटलेला भाग अजून बसलेला नसतो, आणि भिंतीत वीप होल ठेवलेली नसतील, किंवा ठेवूनही त्यांच्यामागे दगडांची भर नसल्याने ती मातीने बुजली असतील, तर वर सांगितलेले अडीच टन पहिल्याच मोठ्या पावसात येऊन उभे राहतात.

दोष काँक्रीटचा नाही. नीट आखलेली काँक्रीटची भिंत जुन्या बांधाहून उंच माती धरू शकते, आणि जागा अपुरी असेल तिथे तिला पर्यायही नसतो. पण तिच्यातून पाणी काढून द्यावे लागते. बांध ते आपण होऊन देत होता. भिंत आणि पाणी यांच्या संबंधाची किंमत केवढी असू शकते हे २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात दिसले. मुसळधार पावसात तिथली भिंत उतारावरच्या झोपड्यांवर कोसळून वीसहून अधिक माणसे गेली. परसातल्या पडझडीत सुदैवाने जीव क्वचित जातो, म्हणून तिची बातमी होत नाही एवढेच.

सिमेंट न वापरता दगड रचण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांनी मिळून त्यासाठी अर्ज केला होता. आपल्याकडचा वाळा बांधाच्या कडेने लावला की खोल मुळांनी माती धरतो. ही गोष्ट १९८० च्या दशकात जागतिक बँकेने जगभर सांगितली, आणि तिच्या अधिकाऱ्यांना ती भारतातच पाहायला मिळाली होती. आपल्या गडग्यांचे आणि बांधांचे गुणगान बाहेरून यावे अशी माझी अपेक्षा नाही. त्यांची साधी मोजदाद तरी आपण करावी.

ती अवघड नाही. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांचे गावाकडे सामाईक घर असेल, आणि सातबारावर वीस-पंचवीस नावे. वाटपाची बोलणी निघतात तेव्हा गुंठे मोजले जातात, कलमे मोजली जातात. बांध कोणी मोजत नाही. प्रत्येक टप्प्याची लांबी, बांधाची उंची, पाणी कुठून येते आणि कुठून बाहेर पडते, चर कोणत्या अंगाला वळतो, त्या टप्प्याला घरात काय नाव आहे, तो कोणी घातला आणि कोणी राखला, एवढे एका कागदावर लिहून वाटणीपत्राला जोडावे. वरचा टप्पा एकाकडे आणि खालचा दुसऱ्याकडे जाणार असेल तर पाण्याची वाट दोघांच्या सहीने नोंदवावी. ज्यांच्या घरातली आजी अजून सांगू शकते त्यांनी हे याच सुट्टीत करावे. पुढच्या पावसाळ्याआधी बांध तपासायला तो कागद उपयोगी पडेल.